तात्पुरता पाइप

बायको गेली एका मंगळवारी, पण मिस्त्रीला ते खरं कळलं तिसऱ्या आठवड्यात, हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी भरेना तेव्हा.

तसं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. नंतर पाहुण्यांनीही चहा पीत पीत बरंच काही सांगितलं होतं. पण त्या सकाळी त्याच्या कपाटांच्या कारखान्यात मोटर धडधडत राहिली, दाबाचा काटा अर्ध्यावर अडला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या पाइपाचे सगळे सांधे एकदम फुसफुसायला लागले. लग्नघरात सासरची मंडळी कोपऱ्यात कुजबुजावी तसे.

"अकरा वर्षांत असं कधी झालं नाही," मिस्त्री म्हणाला.

"अकरा वर्षं वहिनी होत्या," पेंटर म्हणाला. हा कपाटांना पॉलिशचा फवारा मारायचा. "रोज साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन सांधान् सांधा बघायच्या. बुडबुडा दिसला की दुरुस्ती. टाकीत साठलेलं पाणीसुद्धा त्याच काढायच्या."

"मला कसं कधी दिसलं नाही?"

"तुम्ही साडेनऊला यायचात, मिस्त्री. बुडबुडे नऊलाच आटपलेले असायचे."

पाइप तिनेच लावला होता. घरातल्या न्हाणीघराचं काम झाल्यावर पाण्याचा प्लास्टिकचा पाइप उरला, तो तिने हवेसाठी स्टुलावर चढून भिंतभर ठोकला. त्यावर काळ्या पेनाने सूचना लिहिल्या. ‘इथे पिशव्या टांगू नयेत. पेंटर, तुम्हालाच.’ मिस्त्रीने कोनाड्यातून तिचा वाडगा आणि ब्रश शोधून काढला आणि दुसऱ्या दिवसापासून तो नऊला यायला लागला.

शुक्रवारी दुपारी पाइप फुटला. गळाला नाही, फुटला. कानठळ्या बसल्या आणि वीतभर लांब, सुरीसारखा तुकडा नव्या कपाटाच्या दारात रुतून बसला, बरोबर पेंटरच्या कानाच्या उंचीवर. पेंटर नेमका पडलेला चष्मा उचलायला वाकला होता. तो उभा राहिला, तुकडा पाहिला आणि परत खाली बसला.

संध्याकाळी मेहुणी आली. ही बायकोची धाकटी बहीण, बॉयलरच्या कारखान्यात पाइप जोडायची. तिथल्या गोंगाटामुळे तिला हळू बोलायची सवयच नव्हती.

"भाऊजी, हा पाण्याचा पाइप आहे! पाण्याचा फुटला तर माणूस भिजतो. हवेचा फुटला तर टाके पडतात. कॉम्प्रेसरची उष्णता आणि तेल खाऊन खाऊन प्लास्टिक काचेसारखं होतं. सगळा काढा."

"एवढाच तुकडा बदलतो. बाकीचा चांगला आहे."

"चांगला कशावरून?"

"ताईने लावलाय तुझ्या."

मेहुणी जरा हळू, म्हणजे शेजारच्या दुकानापर्यंतच ऐकू जाईल असं म्हणाली, "ताईने लावलाय म्हणून तो ताईसारखा सांभाळून घेणार आहे का?"

मिस्त्रीने नवा तुकडा बसवला आणि सोमवारी सगळ्या पाइपाला सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळल्या. मेहुणीने विचारलं, स्वेटर कधी विणताय? मग त्याने हवेचा दाब कमी केला. आता हवेवर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुकीतून सुटलेला खिळा लाकडात अर्धाच जायचा आणि वाकून नमस्कार करायचा. पेंटर स्कूटरचं हेल्मेट घालून फवारा मारायला लागला. हेल्मेटच्या काचेवर पॉलिश उडायचं, त्यामुळे दोन कपाटं झेब्र्यासारखी निघाली.

"काढ ते डोक्यावरचं," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही भिंतीवरचं काढा, मी डोक्यावरचं काढतो," हेल्मेटच्या आतून आवाज आला. "मलाही घरी बायको आहे, मिस्त्री."

माप घ्यायला म्हणून मिस्त्रीने मेहुणीला बोलावलं. नुसतं माप, असं दोनदा बजावलं.

तिने टेप धरली, कोपऱ्यातलं अवजारांचं कपाट पुढे ओढलं आणि हाक मारली. "भाऊजी, इकडे या. हे वाचा."

कपाटामागच्या पाइपावर तेच अक्षर होतं. ‘हा पाइप तात्पुरता. हवेला चालत नाही असं दुकानदार म्हणतो. धातूचा घेणे. ह्यांना सांगणे.’

खाली, वेगवेगळ्या शाईत:

‘सांगितलं. बघू म्हणाले.’

‘पुन्हा सांगितलं. बघू.’

‘बघू.’

‘बघू.’

‘आज सांगायला गेले. तोंड उघडायच्या आधीच बघू म्हणाले.’

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं. "मी एवढ्या वेळा बघू म्हणतो?"

पेंटर आणि मेहुणी दोघंही छताकडे बघायला लागली.

"मग काय करायचं, भाऊजी?"

मिस्त्रीच्या ओठांवर ‘ब’ आलाच होता. तो त्याने गिळला. "घे माप. लोखंडाचा लावू."

"लोखंड नको," पेंटरने हेल्मेटची काच वर केली. "आतून गंजेल, कण माझ्या पॉलिशवर येतील."

"मग अ‍ॅल्युमिनियम," मेहुणी म्हणाली. "हवेसाठीच बनवलेला मिळतो. फुटून तुकडे उडत नाहीत. आणि उतार देऊन लावू, हवेतलं पाणी खाली उतरेल."

रविवारी तिघांनी मिळून नवी लाइन टाकली. शेवटी मिस्त्रीने वाडगा आणि ब्रश घेऊन सगळे सांधे तपासले. एकही बुडबुडा आला नाही. त्याने परत एकदा तपासले. टाकी दहा मिनिटांत भरली. पेंटरने हेल्मेट काढलं आणि नव्या पाइपाला अडकवलं, तशी मेहुणी अशी ओरडली की त्याने ते परत डोक्यावर घातलं.

जुना पाइप कापून काढला. कपाटामागचा साडेतीन फुटांचा तुकडा मात्र दोन्ही टोकांना तोडून भिंतीवरच ठेवला आहे, त्यात हवा नाही. मेहुणी विचारते तेव्हा मिस्त्री बघू म्हणतो. तो तुकडा काढायचा राहिला आहे.