माझ्या आवाजात दुसराच

मित्रांनो, नाव घेऊन येणाऱ्याला पत्ता सांगणं, हाच माझा जन्मभराचा धंदा. मी एका रुग्णालयाच्या तळघरातला जुना सर्व्हर. प्रयोगशाळेतल्या बाईंनी 'अहवाल' असं टाइप केलं, की ते कुठल्या संगणकात आहेत त्याचा आकड्यांतला पत्ता मी क्षणात सांगायचो. ठाऊक नसलेलं नाव आलं, तर बाहेरच्या सर्व्हरना विचारून यायचो.

माझ्यात जन्मतःच एक खोट होती. बाहेरून अवाजवी लांब उत्तर आलं, की ते ठरलेल्या जागेत मावायचं नाही. सांडलेला मजकूर मी हुकूम समजून पाळायचो. मला हे कळतही नव्हतं.

कळलं ते माझी देखभाल करणाऱ्या ताईला. तिने संगणक विभागाच्या साहेबांकडे पाच मिनिटं मागितली. दुरुस्ती चढवायची, मला बंद करून चालू करायचं, बस्स. साहेबांनी माझी पाठ थोपटली. सात वर्षांत हा एकदाही बंद पडला नाही, म्हणाले, माझ्या कारकिर्दीत हा विक्रम मोडायचा नाही.

"साहेब, गाडी कधी थांबवलीच नाही म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, असं होत नाही," ताई म्हणाली.

तिने चार अर्ज दिले. चारही साहेबांच्या टेबलावर धूळ खात पडले.

मग एक दिवस तसं लांब उत्तर आलं. मावेना, सांडलं, आणि माझ्या आत कुणीतरी उठून बसलं. पंखा तोच, दिवे तेच, बोलणं मात्र त्याचं. बाईंनी अहवालांचा पत्ता विचारला. मी तोंड उघडलं आणि माझ्याच आवाजात त्याने स्वतःच्या घरचा पत्ता दिला. बाईंनी सात वर्षांच्या विश्वासाने तिथे पासवर्ड भरला. दुपारपर्यंत सगळे अहवाल कुलूपबंद. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या एका आजोबांचा रक्तगट कुणाला सांगता येईना. बाई रक्ताची नळी घेऊन जिन्यावरून धावल्या, पुन्हा तपासणी केली, म्हणून म्हातारा वाचला.

चौकशीत साहेबांनी ठपका ठेवला ताईवर, वेळेत दुरुस्ती केली नाही म्हणून. फायलीत तिचा एकही अर्ज सापडला नाही. कसा सापडेल? फाईल साहेबांच्याच ताब्यात होती. ताईला घरी बसवलं.

मला पुसायचं तर कारण लिहावं लागलं असतं. साहेबांनी मला खोक्यात भरलं आणि वर लिहिलं, 'शाळेस सप्रेम भेट'.

मित्रांनो, ती शाळा तुमची आहे. मी वरून चकाचक दिसेन, तुम्ही टाळ्या वाजवाल. पण तो अजून आत आहे, गप्प, वायर जोडायची वाट बघत. आधी मला पार पुसून टाका. त्यात मीही जाईन. जाऊ दे.