जेलागातच्या दुधाचा तुंबा

मी तुंबा बोलतोय. कोबिलो नावाच्या बाईच्या घरात खुंटीला टांगलेला, पोटात आंबवलेलं दूध, तोंडावर घट्ट झाकण. बोलतोय म्हणजे आपला आतल्या आत. मला उघडायला कुणी तयार नाही.

माझा जन्म कुंपणावरच्या वेलीवर झाला. कोबिलोने मला तोडलं, वाळवलं, आतला गर खरवडला आणि कोळशाने पोट घासून काढलं. ते दुखणं काही विचारू नका! पण त्याशिवाय दुधाला चव येत नाही. आमच्या या डोंगरावर पोरगी शर्यत जिंकून आली, की आई गावासमोर तुंबा तिच्या तोंडाला लावते. मला तो मान पुष्कळदा मिळाला, कारण जेलागात ही कोबिलोची लेक. दोन फेऱ्यांच्या शर्यतीत तिच्यापुढे कुणी टिकायचंच नाही. हनुवटीवरून ओघळेपर्यंत घटाघटा प्यायची पोर.

दुसरी यायची शेजारची तेक्ला. दर वेळी दुसरी. तिच्या आईचा तुंबा बिचारा कोरडाच.

मग देशाच्या संघाची निवड होती. कोबिलोने मला भरलं, झाकण बसवलं आणि म्हणाली, "आता हे जेलागातच उघडेल." जेलागात नैरोबीला गेली आणि न धावताच परत आली.

"आई, तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त काढलं, मग कपडे उतरवायला लावले," ती म्हणाली. "मी जन्मापासूनच वेगळी आहे म्हणे. पोटात गर्भाशयच नाही. पुरुषांच्या अंगात असतं ते हार्मोन माझ्या रक्तात फार आहे. गोळ्या घेऊन ते खाली आणलं, तरच बायकांत धावू देणार."

"मेल्यांनो!" कोबिलो अशी कडाडली, जसे काही ते दारातच उभे होते. "सुईणीने बघून मुलगी म्हटलं, आम्ही मुलीचं नाव ठेवलं. तेव्हा कुठे होते हे?"

"ओरडून रक्त बदलत नाही गं."

तिने गोळ्या घेतल्या. सकाळी मळमळ, दुपारी घाम, चढावर पाय उचलेना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. बातमी डोंगरभर पसरली, तसं ठरलेलं लग्न मोडलं. ओढ्यावरच्या बाया तिला बघून गप्प व्हायच्या. गोळ्या घेतल्या तर पाय चालत नाहीत, सोडल्या तर शर्यत बंद. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी एक दिवस तिने सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या.

"मी आजारी नव्हते," ती म्हणाली. "यांनी मला आजारी केलं."

शर्यत सुटली ती सुटलीच.

त्या हंगामात तेक्ला जिंकली. शेजारी गाणी, आरोळ्या, सगळं मला ऐकू येत होतं. आमच्या घरात चुलीचासुद्धा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी तेक्ला आमच्या दारात.

"जेलागात, माझा राग आलाय ना?"

"तुला काय वाटतं?"

"मला आनंद झालाय. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी नुसती तुझी पाठ बघितली. कितीही मर मर मरा, पुढे तुझी पाठच. तू काही चोरलं नाहीस. पण मीसुद्धा नाही चोरलं." मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या महिन्यात परदेशी धावायचंय. सरावाला येशील? तू पुढे असल्याशिवाय माझा पाय सुटत नाही."

कोबिलोने हातातलं पातेलं आपटलं. "वा गं वा! शर्यतीला माझी पोर बाई नाही, आणि सरावाला चालते? कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी!"

तेक्लाने मान खाली घातली, पण ती हलली नाही.

"उद्यापासून येते," जेलागात म्हणाली.

"अगं, लाज कशी वाटत नाही तुला?"

"आई, मला धावायचंय. दुसरं कुठे धावू?"

महिनाभर दोघी पहाटे जात होत्या. मातीवर पावलं वाजायची, पुढे जेलागातची, मागे तेक्लाची. पोरीला भूक लागायला लागली. एकदा तर ती मोठ्याने हसली, आणि कोबिलो चुलीपाशी तोंड फिरवून रडली.

मला न्याय कळत नाही, बाबांनो. मी पडलो भोपळ्याच्या जातीचा. तेक्ला खोटी नाही, हे मलाही दिसतं. पण ज्यांनी हे नियम केले, त्यांनी एकदा या घरात येऊन बसावं, पोरीच्या समोर. माझं एवढंच मागणं आहे.

काल तेक्ला विमानाने गेली. आज पहाटे जेलागात सवयीने उठली, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि दारातच उभी राहिली. उजाडलं तरी तिथेच.

"आता कुणी अडवलंय?" कोबिलो म्हणाली. "जा की."

"मागे कुणीच नाही, आई."