क्लचखालचा जोड

कोरेगावच्या रस्त्यावरच्या त्या गॅरेजात ट्रॅक्टर आला तो तिघाचौघांना मडगार्डवर घेऊनच. इंद्रजितनं वरूनच उडी मारली आणि टायरला हवा भरत बसलेल्या दादासोच्या खांद्यावर लोखंडी पाइप घातला. हाड मोडल्याचा आवाज आतल्या बाकापर्यंत गेला. तार सोलत बसलेली त्याची बायको संयोगिता पक्कड हातात तशीच घेऊन बाहेर धावली.

"माझा भाऊ मेला रं!" इंद्रजित ओरडत होता. "सकाळी, ह्याच ट्रॅक्टरखाली. तू परवा दुरुस्त केलास न्हवं ह्यो? केलास न्हवं?"

प्रत्येक 'केलास'ला एक तडाखा बसत होता. मागच्या टायरच्या खाचांत लाल चिखल होता आणि त्यात शर्टाची चिंधी अडकली होती.

इंद्रजितचा धाकटा भाऊ हरिबा परवाच या दारात चहा पिऊन गेला होता. चावी फिरवली की नुसतं 'कट्' वाजतं, स्टार्टर फिरत नाही, अशी त्याची तक्रार. सोलेनॉइड जळाला होता. बॅटरीचा जोरकस करंट स्टार्टरला जोडून देणारा तो डबा. नवा बसवला, तारही बदलली. पण ते काम दादासोचं नव्हतं. टायर-ऑइल नवऱ्याकडे आणि विजेचं सगळं बायकोकडे, अशी वाटणी ती सांगलीहून डिप्लोमा करून आल्यापासूनची.

"वायरिंग मी केलंय," संयोगिता म्हणाली. "ह्यांना सोडा."

"बायकूला फुडं घालतोस व्हय रं?" एकानं दादासोच्या पोटात लाथ घातली. तो कुशीवर वळला आणि रक्त ओकला.

इंद्रजित-हरिबाचा बाप केरबा ट्रॅक्टरला टेकून उभा होता. त्याच्या सदऱ्यावर हरिबाचं रक्त वाळलं होतं. "पोरी, काय चुकलं ते सांग," तो म्हणाला. "न्हाईतर तुजा नवरा हितनं जित्ता जात न्हाई."

"हरिबाभावजी वर बसले होते का?"

"कशाला बसतंय? खाली हुबं ऱ्हाऊन चावी फिरिवली. समदीच फिरिवत्यात. ट्रॅक्टर गिअरात हुता, उडालाच. मागलं चाक छातीवरनं गेलं."

असं व्हायला नको होतं. क्लचच्या पेडलखाली एक छोटा स्विच असतो. क्लच दाबल्याशिवाय चावीचा करंट सोलेनॉइडपर्यंत जातच नाही. परवा तिनं तो तपासला होता. नक्की तपासला होता ना?

"पाच मिनिटं द्या."

"दोन," इंद्रजित म्हणाला, आणि पाइप दादासोच्या गुडघ्यावर उतरला.

दादासो गुरासारखा ओरडला. संयोगितानं मागं बघितलं नाही. सोलेनॉइडची बारीक तार तिनं उपसली आणि तपासणीचा बल्ब जोडला. "आबा, चावी फिरवा. क्लचला पाय लावू नका."

केरबानं चावी फिरवली. बल्ब लागला; क्लच न दाबताच करंट येत होता.

"बघा, बघा!" इंद्रजित गरजला.

तिची बोटं तारेवरून मागं मागं सरकत राहिली. तिचे जोड कथील लावलेले, वर नळी चढवलेली. सगळे शाबूत होते. मग पेडलखाली हात गेला आणि थांबला. स्विचच्या दोन्ही तारा तोडून एकमेकींना थेट जोडल्या होत्या. दोन्ही बाजूंनी सहा-सहा वेढे, घट्ट, टोकं चेपून बसवलेली. गावात तारांना सगळेच नुसता पीळ देतात. हा जोड तिनं एकदाच पाहिला होता, गणपतीतल्या दिव्यांच्या माळेवर. सोळा वर्षं फौजेत टेलिफोनच्या तारा ओढून आलेल्या माणसानं तो घातला होता.

"इंद्रजितभावजी," ती म्हणाली, "हा जोड कुणाचा?"

तो वाकला. बघितलं. त्याच्या हातातला पाइप खाली झुकला.

"त्यो... हरिबाच म्हनला, 'दादा, ऊस भरताना सारकं वर चडावं लागतंय, कायतरी कर.' म्हनून काल..."

केरबानं पुढं होऊन त्याच्या हातातला पाइप घेतला. इंद्रजितनं तो देऊन टाकला. पहिला तडाखा पाठीवर बसला, दुसरा कानावर. फौजेतून आलेला दांडगा गडी, त्यानं हातसुद्धा वर केला नाही. बरोबर आलेली माणसं भिंतीला लागली.

"बघता काय? आमची जीप काढा, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय!" संयोगितानं लाथ घालणाऱ्यालाच हुकूम सोडला. त्यानं निमूटपणे दादासोचे पाय धरले.

परवा चहा पिताना हरिबानं तिला विचारलं होतं, "वैनी, ह्यो क्लचचा स्विच काडून टाकला तर चालंल का?" ती 'नाही' म्हणाली होती, पक्कड न थांबवता. का नाही, ते सांगितलं नव्हतं.

आत्ता हे मोठ्यानं बोललं तर म्हातारा थांबेल, कदाचित. आणि पाइप पुन्हा इकडं वळेल.

मागं इंद्रजित गुडघ्यावर आला होता. केरबा रडत होता आणि मारत होता.

संयोगितानं दादासोचं डोकं मांडीवर घेतलं आणि जीपचं दार आतून ओढून घेतलं.