टोपलीवाली

“आत्या, टोपलीवालीला तू स्वतः शेवटचं कधी बघितलंस गं?”

हा प्रश्न माझा नव्हताच मुळी. चिमणी आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून मला तिकिटाच्या खिडकीसमोर ढकललं होतं आणि स्वतः आइस्क्रीमच्या गाडीमागे दडून खिदळत होत्या. दोघी आदल्या रविवारी पाहुण्यांबरोबर बोटीने फिरून आल्या होत्या. “विचार ना, बघू तुझी हिंमत,” म्हणाल्या. आता मला हिंमत शिकवता? यंदा मी वक्तृत्वात पहिली आलेय, शाळेच्या नाटकात राणी झालेय, आणि बाबा तर मला भोंगाच म्हणतात! मी काचेला नाक चिकटवून विचारून टाकलं.

आत्याच्या हातात तिकिटांची चळत होती. ती हातातच राहिली.

“शेवटचं?” ती म्हणाली. “तुझ्या निम्म्या वयाची असेन. तुझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून बघितलं होतं.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर कधी जाणार? बोटी चालू असतात तेव्हा मी इथे. शेवटची बोट सुटते तेव्हा मला घरी पळायचं असतं. आणि माझी सुट्टी मंगळवारी, तेव्हा बोटींनाही सुट्टी. चल, सरक बाजूला, मागे माणसं खोळंबलीयत.”

गाडीमागचं खिदळणं एकदम बंद झालं. मी वळून बघितलं, तर लंबू चपलेने वाळू उकरत होती.

माझी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, बंदरावर बोटीची तिकिटं देते. पण तिला लोक नुसतं तिकीट मागत नाहीत. “ताई, एकच दिवस आहे हो आमच्याकडे, काय काय बघायचं?” असं विचारतात आणि मग आत्याची गाडी सुटते. “सकाळी दीपगृह. वर चढताना अर्ध्यावर एक खिडकी लागते, तिथे थांबा, टोकापेक्षा तिथूनच बंदर छान दिसतं. खाली पायऱ्यांच्या गल्लीतून या, पण शिंपल्यांच्या दुकानात पहिल्या भावाला काही घेऊ नका. भर उन्हात मत्स्यालय. संध्याकाळी कड्यावरचा शेवटचा बाक, तो रिकामा नसेल तर जरा खोकत उभे राहा, माणसं उठतात. आणि या सगळ्याच्या आधी किंवा नंतर, पण बोटीने टोपलीवाली बघायचीच. डाव्या बाजूला बसा हं!”

यातलं निम्मं तिने कधी पाहिलेलं नाही. परत आलेल्या माणसांनी सांगितलं, तेच ती पुढच्यांना सांगते. टोपलीवाली मात्र तिची स्वतःची. दीपगृहाच्या पलीकडे, किनाऱ्यावरून दिसत नाही अशा जागी, समुद्रातून वर आलेला एक उंच खडक. कमरेत जराशी वाकलेली बाई आणि तिच्या डोक्यावर एक गोल दगड, आता पडेल की मग पडेल असा. लहानपणी आत्या त्या टोपलीच्या काळजीने रडली होती म्हणे. आजोबांनी तिला सांगितलं, “अगं, तिला सवय आहे.” बोट परत आली की आत्या अजूनही खिडकीतून मान बाहेर काढून विचारते, “दिसली का? टोपली आहे ना डोक्यावर?” लोक म्हणतात, “आहे, आहे!” मग माहेरचा निरोप आल्यासारखा तिचा चेहरा होतो.

आई, बाबा आणि मी तर कधीच गेलो नव्हतो. “आपल्याच गावात तिकीट काढून फिरायला आपण काय पाहुणे आहोत?” असं बाबा म्हणायचे. खरं कारण असं, की बोटीच्या नुसत्या वासाने बाबांना ओकारी येते.

आता घरचं सांगते. आजोबा बंदरात बोटी रंगवायचे. मी तिसरीत असताना त्यांना झटका आला आणि अर्धं अंग गेलं. बोलणंही गेलं, उरले ते मोजके शब्द, तेही अर्धेमुर्धे. सकाळी त्यांची आंघोळ आणि खाणं आत्या करते. दुपारी आईची शिवणकारखान्यातली पाळी सुरू होते, मग शेजारच्या काकू येऊन बसतात. बाबा पाचला ऑफिसमधून सुटतात आणि सरळ कट्ट्यावर कॅरम खेळायला जातात. त्यामुळे सहाच्या आत आत्याने धापा टाकत यायचं आणि काकूंना सोडायचं. ही आमच्या घराची पद्धत. कुणी ठरवली होती कोण जाणे.

पण काकू महिनाअखेरीला मुलाकडे राहायला चालल्या होत्या. बाबांनी एका सकाळी चहा पिता पिता तोडगा काढला.

“ताई, तू नोकरी सोडून दे. नाहीतरी तिथे दिवसभर बसूनच असतेस. ते घरी बस.”

बाबा काही वाईट नाहीत. त्यांना खरंच ते इतकं सोपं वाटलं. आत्या “बरं” म्हणाली आणि तिने त्यांचा कप उचलून धुवायला नेला.

त्या दिवशी खिडकीसमोर ती “त्यानंतर कधी जाणार?” म्हणाली, आणि मला तो कप आठवला. महिना संपत आला होता. एकदा घरी बसली की ती कुठली जातेय बोटीवर! मी घरी येऊन जाहीर केलं, की शनिवारच्या शेवटच्या बोटीने मी आत्याला घेऊन जाणार.

“आणि आजोबांना कोण भरवणार?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही. तुमचेच वडील आहेत ना?”

आईने तोंडाला पदर लावावा तसा हातातला टॉवेल लावला. बाबा म्हणाले, “वाजला भोंगा. बरं, जा. एकच संध्याकाळ हं!”

चिमणीला सांगितलं तर तिचा चेहराच पडला. “नको ना नेऊस गं तिला.”

“का?”

“असंच. नको.”

तिला बरोबर बोलावलं नाही म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं.

शनिवारी आत्या केस धुऊन आली होती. शेवटच्या बोटीची तिकिटं संपवली, मग एक तिकीट फाडून स्वतःला दिलं, एक मला, पैसे गल्ल्यात टाकले आणि खिडकी लावून घेतली. धक्क्यावर कप्तान उभे होते. ते बोट चालवतात, त्यांना सगळं बंदर कप्तानच म्हणतं. आत्याच्या हातातलं तिकीट बघून ते असे दचकले, जणू तिने पिस्तूल काढलंय.

“ताई, तुम्ही? आज नको हो. लाटा आहेत.”

“कप्तान, रोज लाटा बघूनच मी तिकिटं देते.”

“मग तिकीट कशाला काढलंत? तुम्ही तर घरच्या.”

“फुकट बसले तर डावीकडची जागा कशी मागणार?”

डावीकडची जागा मिळाली. बोट सुटली आणि आत्या लहान मुलीसारखी कठड्याला रेलली. “ते बघ मत्स्यालय, मागून किती बुटकं दिसतं गं! आणि ती अर्ध्यावरची खिडकी, बघ, बघ, कुणीतरी खरंच थांबलंय तिथे!” तिच्या सांगण्यावरून कुणीतरी थांबलंय, याचा तिला इतका आनंद झाला की तिने मला चिमटाच काढला. वाऱ्याने तिचे केस माझ्या तोंडात जात होते. मी इतकी खूश होते की गाणंच म्हणायला लागले. कप्तान मात्र माइकवरून एक शब्द बोलत नव्हते.

दीपगृहाला वळसा पडला. कप्तानांनी इंजिन हळू केलं. रोजची सवय असणार, हात आपोआप गेला असेल. सगळी बोट डावीकडे झुकली.

समोर पाणी होतं. एक बसका, काळा खडक लाटांबरोबर वर दिसत होता आणि खाली जात होता. त्याच्यावर पक्षीसुद्धा नव्हता.

“अहो काका,” मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, “ती टोपलीवाली कुठाय? तिकिटाच्या बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं.”

 चिमणी आणि लंबू का खिदळत होत्या आणि मग का गप्प झाल्या, ते मला तिथे, त्या क्षणी कळलं.  मी आत्याकडे बघायचं टाळत होते.

“होती,” आत्याच म्हणाली. त्या गृहस्थांकडे वळून, खिडकीत बोलते त्याच आवाजात. “इथेच होती. माफ करा हं.”

मग ती उठली आणि तोल सावरत कप्तानांजवळ जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

“कधी पडली?”

“ताई, तुमची आई गेली ना, त्याच आठवड्यातलं वादळ.” कप्तान सुकाणूकडे बघत बोलत होते. “तुम्ही कामावर परत आलात आणि पहिल्याच बोटीच्या लोकांना विचारलंत, टोपली आहे ना? माझी जीभच रेटेना. तुमच्या पाठीमागून मी त्यांना खूण केली, हो म्हणा. मग दुसऱ्या बोटीला आधीच सांगून ठेवलं. मग रोजच.”

“रोज?”

“प्रत्येक फेरीला. इथे इंजिन हळू करायचं आणि सांगायचं, परत गेल्यावर खिडकीतल्या ताई विचारतील, तेवढं हो म्हणा. का म्हणून कुणी विचारलं नाही हो. सगळे लगेच तयार व्हायचे.”

आत्याने मागे पडणाऱ्या त्या बसक्या खडकाकडे बघितलं.

“एक मुलगी नाही म्हणाली होती,” मग ती म्हणाली. “एवढीशी होती. म्हणाली, मावशी, तिथे काहीच नाहीये. मी तिच्या आईला सांगितलं, पोरीचे डोळे तपासून घ्या.”

आणि ती हसायला लागली. कप्तानही हसले, मीही. हसता हसता आत्याने चेहरा वाऱ्याकडे फिरवला आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत तो तसाच ठेवला. उतरताना कप्तानांनी हात पुढे केला. तिने तो धरला, रोज धरत असल्यासारखा.

आम्ही घरी निघालो. आत्या चालता चालता सवयीने घाई करायची, मग आठवण झाली की हळू व्हायची. एकदाच म्हणाली, “उद्या लोक विचारतील तर काय गं सांगायचं?”  मला एवढंच ऐकू आलं, की तिने उद्याचं म्हटलंय. महिना संपायला तिच्याकडे थोडेच उद्या उरले होते.

घरी बाबांचा शर्ट डागांनी भरला होता. आजोबांच्या हनुवटीला घास वाळला होता. पण वाटी रिकामी होती आणि बाबा ती आम्हाला करंडकासारखी दाखवत होते. “जमलं बुवा! दोनदा चावले मला, पण जमलं. कशी झाली सहल?”

आत्या उत्तर देणार, इतक्यात पलंगावरून आवाज आला. आजोबांनी मान वळवली होती. त्यांच्या तोंडाची चांगली बाजू शब्द जुळवत होती.

“टो... टोपली?”

 आत्या पलंगापाशी गेली, आपल्या बाहीचं टोक ओलं करून तिने त्यांची हनुवटी पुसली.

“आहे, बाबा,” ती म्हणाली. “डोक्यावरच आहे.”

आजोबांचा अर्धा चेहरा हसला.

“चला,” बाबा म्हणाले, “ताईची इच्छा पुरी झाली. आता मनात काही राहिलं नाही. पहिल्या तारखेपासून निवांत घरी बसेल.”

आत्या आजोबांची उशी सरळ करत होती. मी नुकत्याच पाळीवरून आलेल्या आईला आणि बाबांना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं. शाळा एकला सुटते. त्यानंतर नाटकाच्या तालमी असतात, त्या मी वाटेतच मनातून पुसून टाकल्या होत्या. राणी लंबू होईल, उंचीला शोभेलही.  आणि भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला, कारण भिंतीपलीकडे आजोबा जागे होते आणि त्यांच्या लेखी टोपली अजून जागेवर होती.

“आत्या नोकरी सोडणार नाही. एकपासून पाचपर्यंत आजोबांजवळ मी असेन. पाचनंतर बाबा, तुम्ही, कॅरमला उद्यापासून सुट्टी. आत्या शेवटची बोट परत आली की येईल, उशीर झाला तरी कुणी काही म्हणायचं नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय.”