डावं चाक

ब्रेकचं पॅड अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. शितलने ते तळहातावर उलटंसुलटं केलं, नखाने कड खरवडून पाहिली... राखाडी, खरखरीत, कोरडं. इतकं निर्दोष, की ते हायवेपलीकडे भिरकावून द्यावंसं वाटलं तिला. झिजलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं? निदान एखादी चीर, एखादा टवका? सकाळपासून तिच्या बाजूने एक माणूस बोललं नव्हतं, आणि आता उजव्या चाकातून निघालेला हा बोटभर तुकडाही जाऊन त्यांनाच मिळाला.

"बघा ताई," प्रविण मेकॅनिक उकिडव्यानेच म्हणाला, "गाडी उजवीकडे ओढली म्हणालात, म्हणून उजवं चाक खोललं. पॅड चांगलं, डिस्क चांगली. वर्षभर बघायला नको." मग हात पुसता पुसता, समजूत घातल्यासारखं, "घाबरलं की हात फिरतो माणसाचा. होतं असं."

माणसाचा म्हणे. बाईचा म्हणायचं होतं त्याला, जिभेवर आलेलं गिळलं इतकंच.

नाही फिरवलं मी स्टेअरिंग. हे एकच वाक्य ती सकाळी साडेसहापासून म्हणत होती... झरीच्या उतारावर चहाच्या टपरीपुढे जमलेल्या पुरुषांना, मागच्या सीटवर टोपल्या धरून बसलेल्या बायकांना, आणि मग तलासरीपर्यंत नुसतं स्वतःला. चिकूच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो वाडीतून न बघता रस्त्यावर आला, तिने ब्रेक दाबला — वेळेवर दाबला, पूर्ण दाबला — आणि गाडी थांबायच्या ऐवजी कोणी दावं धरून खेचावं तशी उजवीकडे गेली. समोरून मोटरसायकल. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, टोपडं घातलेलं. मोटरसायकलवाल्याने गाडी कडेच्या गवतात घातली म्हणून... म्हणून. ती बाई ओरडली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि काचेतून शितलकडे पाहिलं. काही विचारायचं असावं तसं पाहिलं, आणि मग ते निघून गेले.

टपरीवरचे मात्र पोटभर बोलले. ब्रेक कुठला नि क्लच कुठला, हे विचारून घेतलं तिला. लायसन दाखवायला लावलं, आणि ते खरं निघालं तेव्हा हिरमुसले बिचारे! टेम्पोवाल्याला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. तो चहा पिऊन गेला. सहा वर्षं ती ह्या रस्त्याने जातेय. पहाटे डहाणूच्या किनाऱ्यावरून पाच बायका आणि त्यांच्या मासळीच्या टोपल्या घ्यायच्या, घोलवड, झरी करत तलासरीच्या बाजारात सोडायच्या, दुपारी परत न्यायच्या. सहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. पण सहा वर्षं नीट चालवलेली गाडी कोणाला दिसत नाही, बाईच्या हातून एकदा वाकडी गेलेली सगळ्या तालुक्याला दिसते.

आणि विठाबाई! बाजाराशी उतरताना टोपली डोक्यावर घेत विठाबाई म्हणाली, "राग नको मानू गो बाय. उद्यापासून आम्ही रिक्षा बघतो. पोराबाळांच्या आया आम्ही." वर गालाला हात लावला तिने. तिच्या हाताखाली शितल बोंबील वाळत घालायला शिकली होती, आठ वर्षांची असताना. त्याच हाताने असं मायेने हाकललं, ह्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. एक वाजता त्या सगळ्या इथे दुकानापाशी येणार होत्या, शेवटच्या खेपेला. तोवर... तोवर काहीतरी हातात पाहिजे होतं. त्यांच्यापुढे धरून, 'हे बघ, हे फुटलं, माझा हात नव्हता फिरला' असं म्हणता येईल असं काहीतरी.

"बेन, डिस्क बदलायचीच असेल तर बदलून टाका," गल्ल्यावरून हार्दिक म्हणाला. सुटे भाग विकण्याचं हे दुकान त्याचं, आणि प्रविण त्याच्याच शेडमध्ये काम करायचा. "फक्त मालकांना एक फोन करून विचारून घ्या ना."

"मालक मीच."

"हां हां. म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर—"

"माझ्या."

हार्दिकने मान डोलवली आणि खोके काढायला लागला. एकात बाजारचा साधा माल, एकात कंपनीचा, आणि एकात भोकं पाडलेली डिस्क, जी त्याने खास कापडाने पुसून काउंटरवर ठेवली. "अपग्रेड! गरम नाही होणार. हायवेवाली पोरं हीच लावतात."

"ह्या भोकांत वाळू बसेल नि मीठ," शितल म्हणाली. "माझी गाडी समुद्रापासून चाळीस पावलांवर उभी असते."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचाही तिला रागच आला. पाहायला इतका वेळ लागतो ह्यांना! मग त्याने वरच्या फळीवरून चौथा खोका उतरवला. "तर मग ही घ्या. कोटिंगवाली. दरियाकिनारी हीच चालते, गंज नाही पकडत." तिने डिस्क उचलली. जड, थंड, मंद रुपेरी... थाळीसारखी. थाळी. हा शब्द कुठून आला? ब्रेकच्या डिस्कला थाळी कोण म्हणतं? कोणीतरी म्हणालं होतं, एवढ्यातच.

"आणि पॅड घासतं त्या जागी?"

"तिथलं कोटिंग पहिल्याच दिवशी जाते, बेन. तिथे रात्रभरात गंज येणारच. सकाळी दोन वेळा ब्रेक मारला की साफ. त्याला काही करायचंच नसते."

त्याला काही करायचंच नसतं. ती डिस्क तशीच हातात धरून उभी राहिली. आज सकाळी घोलवडच्या आधीपासूनच गाडी जराशी उजवीकडे झुकत होती. तिला ते जाणवलं होतं. तिला वाटलं, काल पंक्चर काढलंय, हवा कमीजास्त भरली असेल पंक्चरवाल्याने... कालचं पंक्चर डाव्या पुढच्या चाकाचं. आणि गाडी उजवीकडे का जाते? उजवा ब्रेक धरतो म्हणून जाते. मग धरत नाही तो कुठला? अरे, हे ह्या शहाण्याला कळत नाही? रोज चाकं खोलतो आणि हे कळत नाही? का कळून घ्यायचंच नव्हतं? बाई म्हणाली उजवीकडे, खोला उजवं, दाखवा तिला चांगलं पॅड, द्या पाठवून...

"डावं खोल."

"अहो ताई, ओढते उजवीकडे—"

"न धरणारा डावा आहे. खोल म्हणते ना."

नट सुटले, चाक निघालं. आणि दिसायच्या आधी वास आला.

जळकट, उग्र, खारट. प्रविणने नाक मुरडलं, पण तिला नाक मुरडता आलं नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता, आईच्या पदराच्या वासाइतका. मुशी माशाच्या तेलात कालवलेलं ग्रीस... पत्र्याच्या पिवळ्या डब्यातलं, जुन्या लुंगीच्या चिंधीने लावायचं. पावसाळ्याच्या तोंडावर होडी किनाऱ्यावर ओढली की बाबा आठवडाभर त्या वासात असायचे. कड्या, साखळ्या, इंजिनाचा एकेक बोल्ट... "खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवू नये गो, त्याला दिसत असतं आपण विसरलोय ते." आता सगळ्या किनाऱ्यावर ते कोणी कालवत नाही. विकतचा फवारा मिळतो. फक्त रामा नावाचा एक म्हातारा, गुडघे गेल्यापासून अंगणात बसलेला, विळी, कोयता, बिजागऱ्या, जे दिसेल त्याला ते लावत असतो.

काल गाडी जॅकवर होती तासभर. ती चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेली होती. परत आली तेव्हा बाबा गाडीशेजारी पाटावर बसून चिंधीला हात पुसत होते. काहीतरी म्हणाले होते... थाळी किती लाल झालीय, बघवत नाही. हो, हो, म्हणत तिने चाक चढवलं, नट आवळले, आत वाकून पाहिलं नाही. पाहिलं नाही मी.

प्रविणने पॅड काढून बोट फिरवलं. पॅड काळं, चकचकीत, काचेसारखं गुळगुळीत. "ग्रीस!" तो जवळजवळ ओरडला. "डिस्कला ग्रीस कोणी लावलं? ताई, हे ज्याने केलं ना, त्याला गाडीच्या आसपास फिरकू देऊ नका. असल्या अडाण्यांच्या अकलेपायी माणसं मरतात."

"तोंड सांभाळून बोल," शितल म्हणाली.

तिचा आवाज इतका चढला होता, की हार्दिकसुद्धा काउंटरवरून पुढे वाकला. अडाणी! चाळीस वर्षं काळोखात, नुसत्या पाण्याच्या रंगावरून होडी घरी आणणारा माणूस अडाणी! सगळी भावकी हसत होती, पोरीला गाडी कशाला, तेव्हा होडी विकून किल्ली तिच्या हातात देणारा आणि पहिल्या खेपेला पुढच्या सीटवर ताठ बसून, डोळे गच्च मिटून, 'चालव गो, मी बघतोय' म्हणणारा... आणि हा, ज्याला न धरणारा ब्रेक कुठला हे बाईने सांगावं लागतं, हा त्याला अडाणी म्हणणार!

पण माणसं मरतात, हे काही तो खोटं बोलला नव्हता. टोपडं पिवळं होतं. टोपड्याला बारीक झालर होती. एवढं दिसण्याइतकं ते जवळून गेलं.

प्रविण पेट्रोलच्या फडक्याने डिस्क पुसू लागला. तिने वाट पाहिली. आता तरी तो म्हणेल, तुम्ही स्टेअरिंग नव्हतं फिरवलं ताई, माझंच चुकलं. एवढं एकच वाक्य. ते काही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "पॅड दोन्हीकडची बदलावी लागतील. डिस्कचं तुम्ही ठरवा."

फोन वाजला. बाबा.

"काय गो, जेवलीस?"

"नाय अजून."

"विठाच्या सुनेचा फोन आलेला. रस्त्यात काय झाला म्हणते."

"काय नाय. एक टेम्पो आडवा आला."

"बघ! त्यांना डोळं नसतात. तू हायस म्हणून वाचली सगळी." मग जरा खुशीत, "आयक गो, काल ती आतली थाळी तेल देऊन लख्ख केलीय मी. उजवी राहिलीय. सांजच्याला चाक काढून दे, तीही करून टाकतो. तेवढाच माझा हात लागतो तुझ्या गाडीला."

तिने तोंड उघडलं. बाबा, असं करायचं नसतं... चार शब्दांचं तर वाक्य. "बघू," म्हणाली, आणि फोन ठेवला.

"बेन, कुठली देऊ?" हार्दिकने विचारलं.

तिने फळीकडे पाहिलं. कधीच न गंजणारी डिस्क त्या सगळ्या खोक्यांत नव्हती. कुठलीही लावली तरी सकाळी ती लाल दिसणार, आणि ती लाली बघून कोणाचा तरी हात पिवळ्या डब्याकडे जाणार. 'कंपनीची द्या. दोन्ही बाजूंना,' असं म्हणणारा आवाज आपलाच आहे, हे तिच्या जरा उशिराने लक्षात आलं.

हायवेच्या पुलाखालून बायका येताना दिसल्या. रिकाम्या टोपल्या काखेत, पुढे विठाबाई. तिला दाखवायला सकाळपासून जे हवं होतं ते आता शितलच्या हातात होतं, डाव्या चाकाचं पॅड, काळं, चकचकीत, नाकाशी धरलं तर कोणालाही पटेल असं. विठाबाईला तर चटकन पटेल. त्याच किनाऱ्यावर म्हातारी झालेली बाई ती, हा वास कोणाचा हे तिला सांगावंसुद्धा लागणार नाही. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक ओट्यावर बाबांचं, रामाचं, नाव निघेल; आणि दाखवलं नाही, तर उद्या पहाटे गाडी रिकामी उभी राहील.

राग होता. सकाळइतकाच होता, तसूभर कमी नाही. पण टपरीवरचे, टेम्पोवाला, प्रविण, विठाबाई, सकाळपासून ज्याच्या त्याच्यावर धरलेला तो राग आता त्यांच्यापैकी कोणावरच नीट बसेना, आणि जिथे बसत होता तिथे तिला तो बसू द्यायचा नव्हता. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून पाहणारी ती बाई पुन्हा समोर आली. खरं ऐकायचा हक्क होता तो फक्त तिचा, आणि तिचं नाव-गाव काही माहीत नव्हतं.

"काय गो, काय निघालं?" विठाबाईने लांबूनच विचारलं.

शितलच्या हाताची मूठ पॅडभोवती मिटली. बोटं तेलकट झाली, आणि तो वास हाताला लागला.