पिवळा ठिपका

डांगे चौकातून सकाळी सातला सुटणाऱ्या कंपनीच्या बसमधली तिसरी सीट मंजुळाबाई आणि पिंकीची. दुसरं कुणी चुकून बसलंच तर मंजुळाबाई नुसत्या बघायच्या, आणि तेवढ्यावर भागायचं. थेरगाव ते चाकण म्हणजे मोशीची गर्दी धरून दीड तास, आणि या दीड तासात दोघी खुनाच्या गोष्टी ऐकायच्या. फोन मंजुळाबाईंचा, इयरफोन पिंकीचा. एक टोक हिच्या कानात, एक त्यांच्या. गोष्टी खऱ्याखुऱ्या, पोलिसांत नोंद झालेल्या, आणि बहुतेक एकाच वाणाच्या. तोंडात साखर असलेला बाप्या, गल्लीत मान, आणि जीव जायचा तो घरातल्या बाईचा. शेवटी शेजारी सांगणार, "इतका चांगला माणूस हो!" त्या वाक्याला दोघी एकदम "आलंच!" म्हणायच्या आणि हसायच्या.

पिंकी परभणीकडची. आई लहानपणीच गेलेली. थेरगावात तीन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. मंजुळाबाईंना मुलगी नव्हती. दोन वर्षांत पोरीनं काय जीव लावला होता! मंजुळाबाईंचा गुडघा धरला की बसमधून आधी उतरून हात पुढे करायची, आणि वर "या महाराणी" म्हणायची. ही आपल्याच घरात यावी असं त्यांना वाटलं यात नवल ते काय?

त्यांचा मुलगा गणराज. पिंकीला ताप आला तेव्हा त्यांनीच त्याच्या हाती पेज पाठवली. पेजेचं निमित्त झालं. तो पिंकीला डॉक्टरला दाखवून, औषधं आणून, वर घरमालकिणीलाही आपलंसं करून परतला. गणराज होताच तसा. आता येत्या रविवारी दोघांचा साखरपुडा होता.

त्याचं आधी एक लग्न मोडलं होतं, हे पिंकीला ठाऊक होतं. "करिष्माचं पटलं न्हाई आमच्यात," असं मंजुळाबाईंनीच सांगितलं होतं. पिंकी त्यांना मावशी म्हणायची; मावशींनी सांगितलं म्हटल्यावर तिनं पुढं काही विचारलं नाही.

कंपनीत दोघी तपासणीला होत्या. गाडीचा लोखंडी ब्रॅकेट हातात घ्यायचा, भोकं बघायची, काठ चाचपायचे आणि माल बरोबर असला की आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पिंकीचा निळा, मंजुळाबाईंचा पिवळा. खराब माल परत आला की सुपरवायझर तो सगळ्यांसमोर वर धरून विचारायचा, "पिवळा कुणाचा?" ज्याचा असेल त्यानं उभं राहून "माझा" म्हणायचं. एवढाच रिवाज. कुणी ओरडत नसे, पण उभं राहायचंच. एकोणीस वर्षांत मंजुळाबाई दोनदा उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या दोन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

मंगळवारी बस इंद्रायणीच्या पुलाअलीकडे अडकली. कानात कुठल्याशा गावच्या लाडक्या मास्तराची गोष्ट चालली होती. त्यानं बायकोला जिन्यावरून ढकललं होतं. कोर्टात त्याची आई म्हणाली, माझ्या लेकानं कधी हात उचलला नाही, सूनच धांदरट होती.

"मावशी, ह्या बाईला तर सगळं माहीत असणार," पिंकी म्हणाली. "घरातच होती की! हिला उभं करून विचारायला पाहिजे, पिवळा ठिपका कुणाचा?"

पिवळा तिच्या जिभेवर आला तो शेजारी मावशी बसलेल्या म्हणून. पोरीच्या मनात दुसरं काही नव्हतं. मंजुळाबाईंना मात्र करिष्मा असतानाचं आपलं घर दिसलं. गॅसवर कुकर, खोलीचं दार, दाराच्या फटीत करिष्माचा हात आणि दार दाबून धरणारा गणराज. आवाज जरासुद्धा न चढवता तो म्हणत होता, "सॉरी म्हण." करिष्माची दोन बोटं मोडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? मंजुळाबाई पुढे होऊन म्हणाल्या, वाऱ्यानं दार लागलं. करिष्मा त्यांच्याकडे नुसती बघत राहिली होती.

आता सांगितलं तर ही पोर जाणार, आणि लेकही तुटणार. म्हातारपणी घरात कोण उरणार? पिंकीची बोटं मांडीवरच्या डब्यावर ताल धरून होती. बारीक बोटं, नखाशी निळ्या रंगाचा डाग. मंजुळाबाईंना ती बोटं फार आवडायची. त्यांनी कानातला इयरफोन काढला.

"माझा हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पिवळा ठिपका. माझा हाय, पिंके."

आणि त्यांनी सांगितलं. कुकर, दार, दवाखाना, वारा. काही राखून ठेवलं नाही.

पिंकीनंही आपल्या कानातला इयरफोन काढला. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलं?"

"तू घरात यावीस म्हणून. मला तू पायजे व्हतीस. म्हटलं, माझ्या पिंकीपुढं तो नीट वागंल. खोटंच वाटून घेत व्हते गं."

चाकणला पिंकी आधी उतरली आणि मागे न बघता गेटमधून आत गेली. मंजुळाबाई दांडी धरून एकट्याच उतरल्या. एका सकाळीत त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं, पण छातीवरचं ओझं थोडं हललंही होतं.

दुसऱ्या दिवशी बस सुटता सुटता पिंकी चढली. आपल्या जागेवर बसली. डोळे सुजलेले.

"काल संध्याकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "आधी गोड बोलले. मग वेगळंच बोलले. आवाज नाही चढवला, तुम्ही म्हणालात तसंच."

"तू नीट हायस न्हवं?"

"खोलीवर आम्ही चौघी आहोत. घरमालकिणीलाही सांगून ठेवलंय." ती थांबली. "मावशी, करिष्माताईंना कधी म्हणालात का, माझं चुकलं म्हणून?"

"न्हाई."

"नंबर आहे?"

नंबर होता. करिष्मा गेल्यापासून चार वर्षांत एकदाही लावला नव्हता, पुसलाही नव्हता. पिंकीनं फोनला इयरफोन लावला, एक टोक आपल्या कानात घातलं, एक मंजुळाबाईंच्या कानात. तिनं नंबर लावला आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. पलीकडे रिंग वाजत राहिली. मग फोन उचलला गेला.

"आई?" करिष्मा म्हणाली.

तिकडून तिला काही दिसणार नव्हतं. तरी पुढच्या सीटची दांडी धरून, दुखऱ्या गुडघ्यानं, मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या.