मागच्या चाकाचा छर्रा

रविवार उजाडला की म्हातारा दोंग आपली सायकल अंगणात उलटी करायचा. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. शेजारी वर्तमानपत्र पसरायचा, तामचिनीच्या भांड्यात रॉकेल ओतायचा आणि पान्हे ओळीनं मांडून बसायचा. चीनमधल्या त्येनजिन शहरातल्या त्या सामायिक अंगणात बाकीचेही रविवारी सायकली पुसत, तेल घालत, पण ते घटकाभर. दोंगचं सकाळपासून दुपारपर्यंत चाले. रंग खरचटू नये म्हणून दांडीला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली होती आणि सीटला मखमलीचं टोपडं होतं. बायको आजारी होती तेव्हा या माणसानं तिच्या कपाळावर एवढ्या मायेनं हात फिरवला असता तर बाई चार वर्षं जास्त जगली असती, असं शेजारची माओकाकू म्हणायची. दोंगच्या पाठीमागे म्हणायची, अर्थात.

बायको गेल्यावर घर लेकीनं, रुईफननं सांभाळलं. सरकारनं शहरातल्या पोरांना खेड्यात शेतीवर राबायला धाडलं होतं, त्यात तीही गेली होती आणि ऐन उमेदीची वर्षं चिखलात काढून परत आली होती. आता ती मोज्यांच्या कारखान्यात कामाला जायची, येऊन बापाची पेज शिजवायची, त्याचे ग्रीसचे कपडे धुवायची. तिशी दाराशी आली होती. अंगणातल्या बायका तिच्याकडे शिळ्या भाकरीकडे बघावं तसं बघू लागल्या होत्या. तिला लग्न करून त्या घरातून निघायचं होतं, बस. आणि नेमकं तेच दोंगला नको होतं, कारण ती गेली तर पेज कोण शिजवणार?

पण नाही म्हणायचं धाडस कुठल्या बापात असतं? लोक काय म्हणतील! म्हणून म्हाताऱ्यानं एक युक्ती काढली होती. लग्न ठरण्याआधी मुलानं मुलीच्या घरी येऊन राबून दाखवायचं, ही तिथली रीतच. कुणी हिवाळ्याचे कोबी वाहून आणतो, कुणी कोळशाच्या वड्या रचून देतो. दोंग कोबीला हात लावू द्यायचा नाही. तो म्हणायचा, "सायकलचं मागचं चाक उघड, धू, ग्रीस भर आणि बसवून दाखव. माणूस कसा आहे ते मला चाकावरून कळतं."

पहिला मुलगा आला. चाक बसवताना बेअरिंगमधला एक छर्रा, वाटाण्याहून लहान पोलादी गोळी, कमी पडला. बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, हरवला वाटतं." दोंग म्हणाला, "छर्रा सांभाळता येत नाही आणि माझी पोर सांभाळणार?" झालं, तो गेला. दुसरा जरा हुशार निघाला. त्यानं हळूच नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून छर्रा आणून बसवला आणि काम झालं म्हणून सांगितलं. दोंगनं जीभ बाहेर काढली. जिभेवर छर्रा! "खोटारडा जावई मला नको." अंगण हसून हसून लोळलं. दुसरा गेला तो मागे वळूनही न बघता.

त्या दिवशी रुईफनला सगळं कळलं. म्हातारा दिवसभर कलिंगडाच्या भाजलेल्या बिया चघळत असतो, त्यांच्याबरोबर एक छर्रा तोंडात टाकला तर कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून तिसऱ्याला, म्हणजे थर्मासच्या कारखान्यातल्या लुओ चीमिंगला, तिनं शनिवारीच कारखान्याच्या फाटकाशी गाठलं.

"उद्या बाबा एक छर्रा तोंडात लपवतील."

"काय सांगतेस! तोंडात?"

"गालात. कमी पडला की शोधत बसू नकोस. सरळ हात पुढे कर आणि हसत म्हण, काका, द्या आता."

"एवढंच ना? म्हणेन की."

"सगळ्यांसमोर म्हणायचं, चीमिंग."

"अगं, म्हणेन म्हटलं ना! तुझी शपथ."

लुओ आपल्या आईबापांबरोबर आणि भावांबरोबर एकाच खोलीत राहायचा, पडद्याआड झोपायचा. तो गोड बोलायचा, रुईफनला पिक्चरच्या रांगेत धक्का लागू द्यायचा नाही. तिला वाटलं, हा वेगळा आहे. रात्रभर तिला आनंदानं झोप लागली नाही.

रविवारी लुओ नवा निळा कोट घालून आला. दोंगनं कोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "या जावईबापू! लग्न आजच आहे की काय? काढा तो कोट, रॉकेल लागेल."

अंगणात तोपर्यंत स्टुलं लागली होती. माओकाकू स्वेटर विणायला घेऊन बसली. दोघंतिघं चहाचे मग घेऊन नळाशी उभे राहिले. रुईफन दारात बसून लसणाची पात निवडत होती, पण डोळे बापाच्या हातांवर होते.

लुओनं चाक काढलं, ॲक्सलचे नट सोडले, दोन्हीकडचे छर्रे रॉकेलमध्ये धुतले आणि कागदावर दोन ढिगांत ठेवले. हात बरा चालत होता. दोंग पुढे झुकला. "बघू, झिजलेत का?" त्यानं एक ढीग ओंजळीत घेतला, या हातातून त्या हातात खेळवला, परत ठेवला. मग खिशातून बिया काढल्या आणि मूठ तोंडाकडे नेली. रुईफननं बघितलं. डावा गाल किंचित फुगला.

चाकाच्या मधल्या तुंब्यातली उजवी वाटी छर्र्यांनी भरली. डाव्या वाटीत मात्र एका छर्र्याची जागा रिकामी राहिली. लुओ थांबला. त्यानं मान वर करून दोंगच्या गालाकडे बघितलं. रुईफननं निवडायचं थांबवलं. तिच्या जिवाचे कान झाले होते.

"काय झालं जावईबापू?" दोंग म्हणाला.

लुओनं ओठ उघडले. मिटले. मग तो गुडघ्यांवर बसला आणि विटांच्या फटीत बघू लागला.

"पडला असेल इथेच," तो पुटपुटला.

"पडला? अरेरे! शोधा, शोधा. चष्मा देऊ का?"

लोकांना चेव आला. कुणी म्हणालं कोंबडीनं खाल्ला असेल, कुणी म्हणालं त्याच्या बुटात बघा. लुओनं बूट काढून झटकले. मोज्याला भोक होतं, त्यावरही हसून झालं. तो चार पायांवर नळापर्यंत गेला, तिथून कोळशाच्या ढिगापर्यंत. हात काळे झाले, मग तोंडही. दोंग एकेक बी फोडत होता आणि सालं बरोबर लुओच्या पुढ्यात थुंकत होता.

रुईफनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली पात फेकून ती उठली.

"ऊठ, चीमिंग! बाबांच्या गालात आहे तो!"

दोंगनं लेकीकडे बघितलं. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. मग त्यानं सावकाश तोंड उघडलं, मोठ्ठं उघडलं, आणि जीभ वर करून सगळ्यांना दाखवलं.

"बघा हो माओवहिनी. तुम्हीच बघा."

माओकाकूनं खरंच वाकून बघितलं. "दातसुद्धा धड नाहीत, छर्रा कुठला!"

"ऐकलंस?" दोंग म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेल्या बापाचा झाला, इतका हुबेहूब की दोन बायकांनी हळहळून मान हलवली. "वाढवली, शिकवली. आज चारचौघांत बापाला चोर म्हणते. ठीक आहे. माझं सोडा. हा पोरगा समोर होता, यालाच विचारा. लुओ, तू सांग. मी घेतला तुझा छर्रा?"

लुओ अजून गुडघ्यांवरच होता. त्यानं आधी रुईफनकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. शनिवारी फाटकाशी घेतलेली शपथ त्याच्या डोळ्यांत तिला दिसली. मग त्यानं नजर वळवली.

"नाही काका," तो म्हणाला. "तुम्ही कसे घ्याल? रुईफनचा काहीतरी गैरसमज झालाय. चूक माझीच. मीच वेंधळा."

रुईफनला वाटलं, कुणीतरी भर थंडीत अंगावर गार पाणी ओतलं. बापाचा तिला राग होता, तो जुना होता, त्याची सवय होती. हे नवीन होतं.

आणि दोंग हसला. मनापासून, मांडीवर थाप मारून हसला. असा मऊ माणूस आपल्याला इतकी वर्षं का सापडला नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटलं असावं.

"असा जावई पाहिजे!" तो सगळ्यांना म्हणाला. "मोठ्यांचा मान ठेवणारा. लुओ, पसंत आहेस. तुमच्या घरी झोपायला जागा नाही म्हणे? मग इथेच या राहायला दोघं. पुढची खोली तुमची. कामावर जायला सायकल घेऊन जात जा. फक्त दर रविवारी पुसायची, काय?"

खोली! आणि सायकल! लुओच्या काळ्या तोंडावर असा काही आनंद पसरला की विचारू नका. तो उठून दोंगपुढे कमरेत वाकला. माओकाकूनं टाळ्या वाजवल्या, नळाशी उभ्या असलेल्यांनी चहाचे मग उंचावले. पेज शिजवायला लेक राहिली, चाक धुवायला गडी मिळाला. म्हाताऱ्यानं सगळं साधलं होतं.

"आता नवरीला तरी विचारा!" कुणीतरी ओरडलं.

सगळे रुईफनकडे वळले. लुओही वळला. डोळ्यांनीच तिला म्हणत होता की बघ, झालं की नाही आपलं काम? थोडं खोटं बोललो, बिघडलं कुठे?

रुईफननं हात एप्रनला पुसले. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट फार शांत वाटलं, आणि त्या शांततेत एक दुष्ट गोडी होती.

"मला मान्य आहे," ती म्हणाली. "फक्त एक म्हणणं आहे. बाबांच्या सायकलीचा छर्रा हरवलेला असताना मी नवरी होऊन मिरवणं बरं दिसत नाही. तो आधी सापडू दे. ज्या दिवशी चीमिंग माझ्या हातात तो छर्रा ठेवेल, त्या दिवशी लग्न. दुसरा चालणार नाही. बाबांना दुसरा ओळखता येतो."

"वा! बापाचीच लेक!" माओकाकू खुशीत ओरडली, आणि अंगण पुन्हा हसलं.

दोंग हसला नाही. बिया चघळणारा त्याचा जबडा थांबला होता. तो लेकीकडे बघत होता आणि त्याचा एक हात नकळत पोटावर गेला होता. लुओनं तो हात बघितला. मग रुईफनकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला.

"रुईफन..." तो हळूच म्हणाला.

"शोध ना," ती मोठ्यानं, अगदी लाडानं म्हणाली. "इथेच पडलाय. तूच म्हणालास सगळ्यांसमोर. का, दुसरीकडे कुठे आहे? असेल तर सांग, आत्ता सांग. सगळे ऐकतायत."

तिनं वाट बघितली. खरोखर बघितली. अजूनही तो बोलला असता तर तिनं त्याचं काळं तोंड आपल्या एप्रननं पुसलं असतं आणि बापाच्या देखत त्याच्याबरोबर फाटकाबाहेर पडली असती.

लुओनं म्हाताऱ्याकडे बघितलं. पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. उलट्या पडलेल्या सायकलीकडेही बघितलं.

मग तो पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि विटांच्या फटींतून बोट फिरवू लागला.